वसाहतीतला नळ

१९७८ साली महापालिकेनं पाणीपट्टी थकवली, म्हणून पाणीपुरवठा मंडळातल्या वसुली अधिकारी हेमलतानं पालिकेचे सगळे नळ तोडायला लावले. त्यात पालिकेच्या वसाहतीतला तिच्या घरचाही गेला. नवरा पालिकेत करवसुलीला होता.

"घरचा तरी ठेवायचास!" तो म्हणाला.

"अहो, तोही पालिकेचाच."

दुसऱ्या दिवशी त्यानं मालमत्ताकर थकला म्हणून मंडळाच्या कचेरीला सील ठोकलं. हेमलता घरी बसली. सासूबाईंनी दोघांपुढे रिकामा हंडा आदळला. "तुमच्या कचेऱ्या भांडू देत. विहिरीवर कोण जातंय?"

दोघं गेली. जाताना तो दहा पावलं पुढे, ती मागे. येताना भरला हंडा दोघांनी मिळून धरला.

पुढे मंडळ पालिकेत विलीन झालं, थकबाकी बुडाली. नवरा हेमलताच्याच हाताखाली निवृत्त झाला. नळ परत आला, तरी सासूबाई रोज पिंप भरून ठेवायच्या. त्या गेल्या, त्या दिवशीही घरातलं पिंप काठोकाठ भरलेलं होतं.