निळा पेनड्राइव्ह

हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. सिस्टीमची एखादी फाइल आतून खराब झालेली सापडली, की माझ्या निळ्या पेनड्राइव्हवरची चांगली फाइल तिच्या जागी टाकते. आज सकाळी बाबांच्या खाटेजवळच्या, ठोके दाखवणाऱ्या मशीनचीही अशीच दुरुस्ती केली. दुपारी चहा पिताना मनात आलं, सगळ्यांना बरं करणाऱ्या या पेनड्राइव्हलाच काही झालं नसेल ना? गंमत म्हणून तपासणी लावली आणि पडद्यावर लाल ओळी उमटत गेल्या. चांगली म्हणून टाकलेली फाइलच नासलेली होती. तेवढ्यात बाबांजवळ बसलेल्या आईचा फोन आला. “अगं, तुझ्या हाताला गुण आहे हो! तू मशीन नीट केल्यापासून यांच्या ठोक्यांचा आकडा एकदासुद्धा हलला नाही. किती दिवसांनी इतके गाढ झोपलेत! मघापासून हाका मारतेय, पण ओ म्हणून देत नाहीत.”