मागची भिंत

पाहुण्या बाईंनी कोटाचं वरचं बटणही लावलं, तेव्हा प्राचार्यांच्या मनात पाल चुकचुकली. बाहेर ऊन रणरणत होतं. आत भाड्याने आणलेले एसी घरघरत होते आणि परदेशी विद्यापीठाची माणसं काखेत हात घालून कुडकुडत बसली होती.

हा करार झाला, तर इथली इंजिनिअरिंगची मुलं दरवर्षी तिकडे शिकायला जाणार होती. पर्यावरणावरचं संशोधन दोन्ही संस्था मिळून करणार होत्या. शर्यतीत आणखी कॉलेजं होती, सगळी यांच्याहून मोठी. प्राचार्य हिशेबी माणूस. पाहुण्यांना काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

झाकायची होती ती याच खोलीची मागची भिंत. पर्यावरण विभागाच्या मुलांनी ती स्वतः बांधली होती. जमिनीखालून नळ टाकले होते. बाहेरची हवा त्यांतून येता येता गार व्हायची आणि भिंतीतल्या झरोक्यांतून खोलीत शिरायची. विजेचं नाव नको. पण रूप म्हणाल, तर गिलावा ओबडधोबड आणि एका झरोक्याचं तोंड दुसऱ्याशी जुळत नव्हतं. प्राचार्यांनी झरोक्यांत स्पंज कोंबून घेतले आणि वरून चकचकीत फलक ताणला. फलकावर हिरवी अक्षरं होती : 'शाश्वत विकास'.

पर्यावरण विभागाची प्रमुख म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी. कॉलेजात ती त्यांना 'सर' म्हणायची. सकाळी फलक पाहिला आणि 'सर' सुटलं.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत? ही खोली आपली आपण गार राहते की!"

"राहते गं बाई. पण दिसते कशी? गोठ्यासारखी! आज तू तोंड उघडायचं नाहीस. तुझ्या ताईची शपथ आहे."

"ताईला कशाला मध्ये आणता?" ती फणकारली, पण गप्प बसली. स्वतःची न घालता बायकोची शपथ घातली, यातही प्राचार्यांचा हिशेब होताच.

सादरीकरण संपलं. बाईंनी मान हलवली.

"छान आहे सगळं. आमच्याकडेही अगदी असंच आहे."

प्राचार्य आधी खुलले. मग बाईंच्या सोबत्याला बॅग आवरताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. सगळं असंच तिकडे आहे, तर हे लोक इथे कशाला थांबतील?

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलांच्या लेखात एका भिंतीबद्दल वाचलं होतं. खोली गार ठेवणारी. खरं तर तिच्यासाठीच आलो होतो. पडली का ती?"

प्राचार्यांनी मेहुणीकडे पाहिलं. ती छताकडे बघत बसली होती. नेमका आजच हिला शब्द पाळायचा होता! 'पडली' म्हटलं की अब्रू वाचत होती. ते बोलणारच होते, तेवढ्यात नजर शेवटच्या रांगेकडे गेली. भिंत बांधणारी मुलं तिथे बसली होती. ती त्यांच्याकडेच बघत होती.

प्राचार्य उठले. एसी बंद केले. फलक ओढून काढला आणि एकेक स्पंज स्वतःच्या हाताने उपसला.

"पडली नाही. मीच झाकली. तुम्ही हसाल असं वाटलं."

कुणी हसलं नाही. झरोक्यांतून वारा येऊ लागला, हलका, मातीचा वास असलेला. बाई कोट काढून भिंतीपाशी गेल्या. एका झरोक्यावर तळवा धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"आमच्याकडेही अशी एक होती," त्या म्हणाल्या. "मोठे पाहुणे येणार म्हणून आम्ही ती विटांनी बुजवून टाकली. आता ती पुन्हा कशी करायची, हे सांगणारं कुणी उरलं नाही. तुमची मुलं पाठवाल, आम्हाला शिकवायला?"