त्यानंतरची दिवाळी

डॉक्टरांनी सुनीतीला जेमतेम चार महिने दिले होते. तिला यातलं काही कळू नये, उलट उमेद वाटावी, म्हणून नंदकुमार तिला घेऊन वाशीला क्रूझचं बुकिंग करायला आले.

“काका, येत्या दिवाळीची घ्या. आत्ता डिपॉझिट भरलंत तर सवलत आहे,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“येत्या नको, त्यानंतरच्या दिवाळीची दे,” सुनीती म्हणाली आणि तिने फॉर्मवर नवऱ्याचं आणि लेकीचं नाव लिहिलं.

“आणि तुझं गं?”

“मला बोट लागते.”

“बरं, पण इतकी लांबची कशाला? अबोलीला याच दिवाळीत रजा मिळतेय.”

सुनीतीने पेनाला टोपण लावलं.

“अहो, माझं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तुम्ही दोघं थोडेच कुठे जाणार आहात?”