दाराला घातलेलं तेल

"अहो, कुणाच्या घरी आणलंत मला?" उंबरा ओलांडताच शालननं विचारलं.

दृष्टी गेल्यापासून ती पहिल्यांदाच महिनाभर लेकीकडे राहून आली होती. तेवढ्यात दामोदरनं मोठ्या हौसेनं, स्वतःच्या हातांनी, जुनं घर दुरुस्त केलं होतं. फुटकी फरशी बदलली, भिंती घासून गुळगुळीत केल्या, करकरणाऱ्या दाराला तेल घातलं.

शालन भिंत चाचपत दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसली. "फुटकी फरशी पायाला लागली की स्वयंपाकघर यायचं. दार करकरलं की तुम्ही आल्याचं कळायचं. आता कशाच्या आधारानं वावरू?"

दामोदर पंच्यानं बिजागऱ्यांचं तेल पुसत सुटला. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. ते चकार शब्द काढेना. तो तिथंच थिजला.

"अहो," शालननं समोर हात पसरले, "आहात ना इथं?"