सूपभर ज्वारी

तोरणमाळच्या घाटात ट्रकने तिसऱ्यांदा दम टाकला, तेव्हा उखर्डू मास्तरांचाही धीर सुटला.

"माय, तू तिच्याशी एक शब्द तरी बोलणार आहेस की नाही?"

भागाबाईने घोंगडी नाकापर्यंत ओढली आणि दरीकडे तोंड फिरवलं. फाळक्याला टेकून बसलेली शेजारची भिकुबाई हसली.

"ऱ्हाऊ दे रे भाऊ. अक्काले थंडी वाजी ऱ्हायनी."

"थंडी कसली? आढ्यता आहे ती!"

मास्तर रागावले की शाळेतलं मराठी बोलत. अहिराणी फक्त खुशीत असताना. या प्रवासात अजून ती वेळ आली नव्हती.

नाताळच्या सुटीत दोघी म्हाताऱ्यांना तोरणमाळला न्यायचं, हा बेत त्यांचाच. देवपूरच्या शाळेत लागून पंधरा वर्षं झाली, पण गावी गेलं की तेच ते. दोघींच्या घरांची भिंत एक, आणि सदतीस वर्षं बोलणं नाही. म्हणजे बोलत नव्हती ती माय. भिकुबाई बिचारी सणावाराला ताट घेऊन यायची आणि माय चुलीपुढून हलायची नाही. डोंगर, तळं, गोरखनाथाचं देऊळ. घरापासून लांब नेलं तर आढी सुटेल, असं मास्तरांना वाटलं होतं. पिशवीत त्यांनी एक जांभळं लुगडंही घेतलं होतं. पण शहाद्याला ट्रकची वाट पाहतानासुद्धा माय सारा वेळ पदर पुढे ओढून बसली. एका कप चहाला तोंड उघडलं नाही.

खानदेशात उखर्डू नावाची माणसं ढिगाने. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथे नवं मूल उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईने ते उचलायचं आणि आईने सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. टाकलेल्या पोराकडे काळ बघत नाही म्हणतात. उचलणारीला पुढे त्याच्या लग्नात मानाचं लुगडं. मास्तरांना उचललं होतं भिकुबाईने. त्यांच्या लग्नात तिला लुगडं सोडाच, मायने साधी अक्षतसुद्धा पाठवली नाही. ते आठवलं की मास्तरांच्या अंगाचा तिळपापड होई.

एरवी मायचा त्यांना केवढा अभिमान! तापाच्या साथीत नवरा गेला तेव्हा ती अठराची, मास्तर पोटात. त्यांच्या जातीत पाट लागत असे. तिच्याबरोबरीच्या कितीजणींनी दुसरं घर केलं. मायने केलं नाही. पोरासाठी तिने जन्म काढला, हे मास्तर दरवर्षी वर्गात सांगत. अशी बाई एवढ्याशा मानपानासाठी अडून बसते, याचाच तर संताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तळ्यावर गेली. थंडीने बोटं वाकत नव्हती. पाण्यावरून धूर निघत होता आणि पलीकडचा डोंगर अर्धाच दिसत होता. भागाबाई काठाशी थबकली.

"खरंच शे," ती पुटपुटली. "हिवायामा पानीवर धूर चालस."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

ती दगडावर बसली. मास्तरांचं डोकंच फिरलं. त्यांनी लुगडं काढून तिच्या मांडीवर आपटलं.

"आपल्या हाताने दे तिला! दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही. काय गुन्हा केलाय तिने?"

"कसाले वरडस रे?" भिकुबाई मध्ये पडली. "अक्काना काय दोस? मीच तवय नवी नवरी, गावमा येईसन चार दिन व्हयनात. पन मन्हं नाव भिकू कसं पडनं? मन्ह्या मायना चार पोरे गयात, मंग माले पदर पसरीसन मांगी लिधं. म्हनीसन उकिरडावर पोर दखताच मी वळखी लिधं."

धुक्याची पहाट होती, ती सांगत गेली. अक्काच्या दाराशी तिच्या मामाची गाडी जुंपलेली, गाठोडं वर चढवलेलं, बैलांची तोंडं शहाद्याच्या वाटेला. अक्काचं माहेर साक्रीकडचं, पण असेल कुणी नात्यातलं तिकडे. जायच्या घाईत पोर उचलायला कुणाला सांगायचं राहून गेलं असणार, म्हणून भिकुबाईने आपणहून उचललं. पोर थंडीने निळं पडलं होतं. त्याला छातीशी धरून ती दारात धावत आली आणि सारी आळी जागी होईल अशी ओरडली, "अक्का, पह्यले सूपभर जवारी दे, मंग तुन्हा पोऱ्या लई जाय!"

"बठ्ठ्या बाया गोया व्हयन्यात," भिकुबाई हसत म्हणाली. "अक्कानी जवारी दिधी. मामानी बैल सोडी दिधात. अक्कानं जानं ऱ्हायनंच."

मास्तरांचे डोळे भरून आले, आणि राग दुप्पट झाला.

"ऐकलंस? कुणी न सांगता धावली ही! माझ्याआधी किती पोरं गेली तुझी? तीन? चार? दुखरी जागा म्हणून मी आजवर विचारलं नाही, तूही कधी त्यांचं नाव काढलं नाहीस. ती सगळी गेली आणि मी राहिलो, तो या बाईमुळे!"

भागाबाईने लुगडं मांडीवरून खाली सारलं. सदतीस वर्षांत प्रथमच तिने भिकुबाईकडे सरळ पाहिलं, आणि मग लेकाकडे.

"मन्हं एक बी पोर गयं नही," ती म्हणाली. "तूच पयला."