कडूबाईची साक्ष

फाशी रद्द झाली. जन्मठेप.

निकाल कळताच कडूबाई कोर्टाच्या व्हरांड्यातच जहांआराच्या पायाशी कोसळली. जहांआरानं पाय मागं घेतले. "उठा, लोक बघतायत," एवढंच म्हणाली आणि काळा कोट हातावर टाकून जिना उतरून गेली.

ॲडव्होकेट जहांआरा काझी वीसेक वर्षं संभाजीनगरच्या खंडपीठात फाशीच्या शिक्षेविरुद्ध लढत होती. अदालत रोडवरच्या तिच्या ऑफिसच्या पाटीला दोनदा काळं फासलं गेलं होतं. ठरलेलं लग्न मोडलं होतं. एका मेलेल्या पोरीचा बाप भर कोर्टात तिच्या तोंडावर थुंकला होता. तिनं तोंड पुसलं आणि पुढचा मुद्दा मांडला. एका कृत्यावरून आख्खा माणूस ठरवू नका, हे ती प्रत्येक न्यायाधीशाला सांगत आली. नुसतं सांगत नव्हती, तशी वागतही होती. खुन्यांच्या आयाबहिणींना घरी जेवू घालायची. ज्यांच्या हातून जीव गेले, त्यांचे हात हातात घेऊन बसायची.

कडूबाईशी मात्र तिला तसं वागता आलं नाही.

कडूबाईचा धाकटा मुलगा गोकुळ वैजापूरकडच्या एका खेड्यातला. चोरी करायला शेजारच्या घरात शिरला, घरातले जागे झाले, आणि त्यानं म्हातारा, म्हातारी आणि त्यांची सहा वर्षांची नात यांना कुऱ्हाडीनं तोडलं. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. खालच्या कोर्टानं फाशी दिली. अपिलात जहांआराकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. गोकुळचं वय सोडलं तर काहीच नाही.

मग कडूबाई बोलली. न्यायमूर्तींसमोर उभी राहून, पदर घट्ट आवळून बोलली. पोराचा बाप मेल्यावर आपण त्याला गोठ्यात दावणीला बांधून ठेवायचो. दोन-दोन दिवस उपाशी मारायचो. एकदा राग आला तेव्हा चुलीवरचं उकळतं आधण त्याच्या पाठीवर ओतलं. पाठीवरचे जुने भाजल्याचे व्रण डॉक्टरांनी नोंदवलेलेच होते. त्या साक्षीनंच निकाल फिरवला.

निकाल यायला अजून अवकाश होता, पण त्या दिवसापासून जहांआरा कडूबाईशी कामापुरतं बोलू लागली. ही बाई ऑफिसात आली की ती कागदात डोकं खुपसायची.

निकालाची बातमी द्यायला ती हर्सूल जेलमध्ये गेली. जाळीपलीकडं गोकुळनं सगळं ऐकून घेतलं. तो हसला नाही, रडलाही नाही.

"आय कशीय, म्याडम?" त्यानं विचारलं.

"तिची चौकशी करतोस?" जहांआराचा आवाज चढला. "जिनं तुझी पाठ भाजली तिची?"

गोकुळ जाळीजवळ सरकला. "म्हंजे तुमाला बी तिनं खरं नाय सांगितलं?"

"काय खरं?"

"मी चार-पाच वर्साचा होतो. खेळता खेळता आधणाच्या पातेल्याला धक्का लागला, ते पाठीवर सांडलं. आयनं मला पाठकुळी घेतलं अन् अनवाणी वैजापूरच्या दवाखान्यापोत्तर पळाली. तिच्या तळपायाची सालं निघाली व्हती. मारायचं तर लांबच, मला कुणी वरडून बोललं तरी भांडायला उठायची." त्यानं कपाळ जाळीला टेकवलं. "लाडच लई केले तिनं. माझं मीच वाटुळं केलं."

जहांआराला कडूबाईशी झालेली पहिली भेट आठवली. त्याच्या लहानपणी काही वाईट घडलं असेल तर लपवू नका, त्यानंच तो वाचेल, हे तिनंच कडूबाईला सांगितलं होतं. "म्हंजी कसलं वाईट?" कडूबाईनं विचारलं होतं. आणि जहांआरानं तिला समजावं म्हणून दोन-तीन जुन्या केसेस सांगितल्या होत्या. उपासमार. मारहाण. चटके.

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून गावाला गेली. कडूबाई थोरल्या मुलाच्या घरामागं पत्र्याच्या खोपीत राहत होती. जहांआराला बघून अंगणातल्या सुनेनं तान्ह्या पोराला उचललं, आत नेलं आणि कडी लावली.

"माझ्यामुळं," कडूबाई म्हणाली. "माझा हात लागू देत नाय पोराला. तिचं बी बरोबरच हाय. पोटच्या पोरावर आधण वतनारी बाई मी."

"गोकुळनं मला सगळं सांगितलंय. मी आत्ता तिला खरं सांगते."

कडूबाईनं झपकन तिचा हात धरला. "नगं! सुनेला कळलं म्हंजी गावाला कळंल. सरकार दिल्लीला अपिलात जाणार म्हनं ना? पुन्हा फास लागंल त्याला."

कायदा जहांआराला या बाईपेक्षा जास्त कळत होता. खरं बोललं तर पोरगा जाणार होता, आणि गप्प राहिलं तर ही बाई मरेपर्यंत अशीच राहणार होती. एका कृत्यावरून माणूस ठरवू नका, हा तिचा आयुष्यभराचा मुद्दा या अंगणात कामाचा नव्हता; इथं ते कृत्यच घडलं नव्हतं.

"निदान मला तरी सांगायचं होतंत, कडूबाई," ती कशीबशी म्हणाली. "मी तुमच्याशी असं वागले नसते."

"म्हनून तर नाय सांगितलं, वकीलबाई," कडूबाई म्हणाली. "खुनी लोकाला बी जवळ करनाऱ्या तुमी. तुमीच माझ्या तोंडाकडं बघायचं सोडलं, तवा म्या वळखलं, आता जजसायबाला बी खरं वाटंल."