न लागणारा डाव

मार्शल आर्ट्सच्या क्लासमध्ये चौकशीला आलेल्या बाईंपुढे सर अगदी मेटाकुटीला आले होते. कराटेत ठोसे, तायक्वांदोत लाथा, ज्युदोत समोरच्याला उचलून आपटायचं, असं सगळं समजावून झालं, तरी बाईंच्या काही पसंतीस उतरेना.

"ठोसा नको. लागेल हो."

"लागावा म्हणूनच तर मारायचा!"

"आणि आपटल्यावर हाड मोडलं तर?"

सरांनी कपाळाला हात लावला. बाईंच्या मनगटावरचा काळानिळा डाग मघापासून त्यांच्या डोळ्यांत सलत होता. शेवटी ते भडकलेच.

"अहो, रोज मार खाताय, आणि वर काळजी त्याचीच? असल्या माणसाला कसली दयामाया दाखवता?"

बाईंनी मनगट पदराआड घेतलं.

"वडील आहेत माझे. हल्ली मला ओळखत नाहीत. आंघोळीला नेलं की कुणी परकी बाई समजून घाबरतात, आणि हात उगारतात. त्यांना न दुखवता धरायचं कसं, तेवढंच शिकवा."

सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी आपला हात पुढे केला.

"धरा. दुखलं की मी सांगतो."